दोन पिशव्यांचं देणं

"कोणाचं भांडं घरात आलं, तर ते रिकामं परत जाता कामा नये. मी एकदाच सांगणार आहे, नीट ऐकून ठेव."

सासूबाईंचा हा आवाज अजून माझ्या कानात तसाच आहे. लग्न होऊन मी या घरात आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हे सांगितलं. शेजारून वाटीभर साखर आली, तर वाटी परत जाताना तिच्यात काहीतरी हवं. मूठभर दाणे, एखादं फळ, अगदीच काही नसलं तर कुंडीतलं फूल. मी मान डोलावली. हे शेजारीच उभे होते. त्यांनी ते वाक्य पाळण्यात असल्यापासून ऐकलेलं, आणि त्याचा आपल्यापुरता अर्थ त्यांनी कधीच लावून टाकला होता: कोणाचं काही ठेवून घ्यायचं नाही.

त्यात ह्यांचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. दिवसभर पारड्यांशी संबंध. एक खाली गेलं की दुसऱ्यात तेवढंच टाकायचं, ही सवय हाडीमाशी खिळलेली. एकदा भर पावसात एका अनोळखी गृहस्थानं ह्यांना कोपऱ्यापर्यंत आपल्या छत्रीत घेतलं. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन. हे छत्री घेऊन त्या गृहस्थाच्या मागं, त्यांच्या डोक्यावर ती धरून, तेवढंच अंतर चालले. गृहस्थ घाबरून एका दुकानात शिरले, तर हे बाहेर थांबले. अंतर थोडं बाकी होतं. गल्लीत ह्यांना सगळे 'फिट्टंफाट' म्हणायचे. समोर नाही, पण फार मागंही नाही.

एकच देणं राहून गेलं होतं. पूर्वी शेजारी राहणाऱ्या घड्याळजींच्या बायकोचा झाकणाचा एक डबा. तो आमच्याकडं असताना सासूबाई गेल्या, आणि त्या गडबडीत घड्याळजींचं बिऱ्हाडही कुठंतरी हललं. हे तो डबा दर आठवड्याला घासूनपुसून फळीवर ठेवत आणि म्हणत, "आई देणेकरी गेली. मी नाही जाणार."

मग ह्यांना जिना चढताना धाप लागायला लागली. चेहरा कागदासारखा. तपासण्या झाल्या. मोठ्या आतड्यात उजव्या बाजूला गाठ निघाली, आणि ती कॅन्सरची होती. कित्येक महिने तिथून थेंबथेंब रक्त जात होतं. हे ऐकून ह्यांना आजारापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा धक्का बसला. "इतकं रक्त गेलं आणि मला पत्ता नाही? ते गेलं कुणाकडं?"

सर्जनबाई बुटक्या, चपळ. अंबाड्यात दोन पेनं खोचलेली असत आणि तिसरं त्या टेबलावर शोधत असत.

"ऑपरेशन करायचं," त्या म्हणाल्या. "पण आधी शिरेतून लोह देऊन तुमचं स्वतःचं रक्त वाढवू. बाहेरचं रक्त शक्यतो मला द्यायचं नाहीये."

हे खुर्चीतून उठलेच. "डॉक्टर, माझ्या मनातलं बोललात! जन्मात कोणाचं घेतलं नाही."

"मी त्या अर्थानं नाही म्हणत."

"अर्थ कुठलाही असू दे. आपलं जमलं."

मग त्यांनी आम्हांला समजावलं. शरीरात एक पहारा असतो. परकं रक्त आत आलं की तो थोडा सैलावतो, असं वाटतं. कॅन्सरच्या ऑपरेशनात रक्त दिलेल्या लोकांना नंतर जंतुसंसर्ग जास्त झालेला दिसतो, काहींचा आजार उलटलेलाही दिसतो. "पण ते रक्तामुळंच, की ज्यांची तब्येत मुळात खालावलेली असते त्यांनाच रक्त लागतं म्हणून, हे अजून कोणी छातीठोकपणे सांगत नाही. म्हणून गरज नसताना द्यायचं नाही. आणि गरज पडली तर नको म्हणायचं नाही."

"म्हणजे घरात पाहुणे आले की गॅसवरचं दूध उतू जातं, तसंच ना?" ह्यांची बहीण, म्हणजे आमच्या वन्सं, म्हणाल्या.

सर्जनबाईंनी शोधणं थांबवून त्यांच्याकडं पाहिलं. "बरंचसं तसंच."

खरी पंचाईत बाहेर होती. धाकट्या भाऊजींनी सगळे नातेवाईक गोळा करून आणले होते. सगळ्यांच्या बाह्या दंडापर्यंत सरकवलेल्या. रक्त नको आहे म्हटल्यावर एकच कालवा झाला.

"नको म्हणजे? आमच्या रक्तात काय खोट आहे?"

"त्याच्या लग्नातही आम्हांला असंच मागच्या रांगेत बसवलं होतं."

ह्यांचा एक चुलतभाऊ तर घरी जायलाच तयार होईना. "आठवडाभर मी नुसतं बीट खातोय," तो म्हणाला, "ते कोणासाठी?" जीभ बाहेर काढून त्यानं पुरावाही दाखवला.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी खोलीत आम्ही दोघंच होतो. ह्यांनी माझा हात धरला.

"उद्या कोणाचं रक्त घ्यायचं नाही."

"आणि जिवावर बेतलं तर?"

ह्यांनी सलाईनच्या रिकाम्या दांडीकडं पाहिलं. "मग तू ठरव. मी डॉक्टरांना तसं सांगितलंय, तू म्हणशील ते. पण घेतलंस तर परत करायचं. वजनाला वजन. वचन दे."

"दिलं."

"तसं नाही. हातावर हात मारून."

मी मारला. त्यांचा तळहात गार पडला होता. मग मला कळलं की ते घाबरले आहेत, आणि फिट्टंफाटीचं बोलणं ही त्यांची प्रार्थना आहे.

माझे स्वतःचे दोन नेम आहेत. सकाळी उठल्यापासून दुपारी बारापर्यंत मी बोलत नाही, आणि दिवसातून एकदाच जेवते. कोणी सांगितलेले नाहीत, माझे मीच घेतलेले आहेत. दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे की या घरी बोलायचं काम असेल तर दुपारनंतर यावं. सकाळी ह्यांना ढकलगाडीवरून नेलं तेव्हाही मी नुसता त्यांच्या कपाळावर हात ठेवला. हे म्हणाले, "बोलू नकोस. देवाचं देणं आधी."

बारा वाजायला बराच अवकाश असताना आतून एक तरुण डॉक्टर धावत बाहेर आला. गाठ एका मोठ्या शिरेला चिकटली होती, ती सोडवताना शीर फाटली.

"रक्त द्यावं लागेल. तुम्ही सांगाल ते, असं पेशंट म्हणालेत. देऊ ना?"

मी मान हलवली.

"तोंडानं सांगा, मावशी."

"वहिनींचं मौन असतं," भाऊजी मध्ये पडले. "बारापर्यंत थांबता का?"

"मी थांबीन हो. रक्त थांबत नाहीये."

"मी सांगतो की, द्या म्हणून."

"तुमचं नाव नाही घेतलं त्यांनी."

मी डोळे मिटले. देवाला म्हटलं, तू जरा तोंड फिरवून उभा राहा. आणि मोठ्यानं म्हणाले, "द्या!"

भाऊजी दचकून बाकावरून घसरले. इतक्या वर्षांत सकाळचा माझा आवाज त्यांनी ऐकलाच नव्हता. "वहिनी," ते म्हणाले, "सकाळी तुमचा आवाज वेगळाच लागतो." चुलतभाऊ बाही सरकवत उठला, तेव्हा त्याला सांगितलं की पिशव्या आधीच निघाल्या आहेत. तो मटकन खाली बसला.

ऑपरेशन पार पडलं. गाठ निघाली. हे शुद्धीवर आले आणि माझ्या तोंडाकडं बघूनच त्यांना कळलं.

"किती?"

"दोन पिशव्या."

"वजन?"

ते मी विचारून ठेवलं होतं. सांगितलं.

"कोणाचं?"

"ते सांगत नाहीत."

ह्यांनी डोळे मिटले. "दोन माणसं. आणि नाव नाही, पत्ता नाही." मग खोल गेलेल्या आवाजात, पण अगदी ठासून म्हणाले, "आता फिटेपर्यंत मी मरत नाही. देणेकरी म्हणून जाणार नाही मी."

पायथ्याशी उभ्या असलेल्या भाऊजींच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. त्या वेळी मी लक्ष दिलं नाही.

घरी आल्यावर ह्यांची फार ओढाताण सुरू झाली. देणारा कोण ते माहीत नाही, म्हणजे तो कोणीही असू शकतो. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला हे नमस्कार करू लागले. टाके ओले, तरी बसमध्ये कॉलेजच्या पोरांना उठून जागा देत. "बस बाळा, तूही असशील." रांगेत सगळ्यांना पुढं सोडत, त्यामुळं ह्यांचा नंबर कधी लागतच नसे. वर्षानुवर्षं ज्याच्याशी अबोला होता, त्या समोरच्या कुलूपवाल्यालाही हे म्हणाले, "तू दिलं असशील तर सांग. नसशील तरी राहू दे, शंका नको." कुलूपवाल्यानं घाबरून दुकान लवकर बंद केलं.

शेवटी आम्ही रक्तपेढीत गेलो. तिथल्या बाईंचा चष्मा साखळीला लटकलेला, आवाज शांत.

"दात्याचं नाव सांगता येत नाही, काका."

"मग माझं घ्या. दोन पिशव्या."

"तुमचं चालत नाही. तुम्हाला कॅन्सर होता."

ह्यांचा इतका अपमान जन्मात झाला नव्हता. त्यांचं देणं घ्यायला कोणीतरी नकार दिला होता! मग त्यांची नजर पिशवी झुलवत वजन करणाऱ्या छोट्या यंत्रावर गेली. खिशातून आपलं पितळी वजन काढून ते म्हणाले, "जरा हा काटा बघू?" काटा जास्त दाखवत असेल, म्हणजे देणं थोडं तरी कमी भरेल, ही आशा. वजन ठेवलं. वाकून पाहिलं. पुन्हा ठेवलं. मग खिन्नपणे वजन खिशात टाकलं. "बरोबर आहे."

मी हात पुढं केला. "वचन माझं आहे. माझं घ्या."

बाईंनी माझ्या बोटाला टोचलं, थेंब तपासला आणि मान हलवली. "हिमोग्लोबिन फार कमी आहे. साडेबारा लागतं, तुमचं दहासुद्धा नाही. जेवता काय?"

"एकदा."

"एकदा काय?"

"एकदाच. नेम आहे."

त्यांनी चष्मा काढला. "देवानं सांगितलंय का, एकदाच जेव म्हणून?"

"नाही. मीच त्याला सांगितलंय."

"मग त्याला विचारून या."

मी विचारलं. रोजच्या जागी बसून म्हटलं, तुला दिलेल्या शब्दामुळं माणसाला दिलेला शब्द राहून जातोय, काय करू? देव नेहमीप्रमाणं काही बोलला नाही. पण त्या दिवशी भूक मात्र दोनदा लागली. मी ती खूण मानली. सकाळी प्रार्थनेनंतर जेवू लागले, रात्रीही जेवू लागले. त्या बाईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. मौन राखलं.

इकडं भाऊजींचा उद्योग सुरू झाला. एका दुपारी ते शिडी घेऊन आले.

"दादा, ही राहू दे तुझ्याकडं."

"मला शिडी कशाला?"

"लागेल कधीतरी." आणि शिडी टाकून पळालेच. हे ती खांद्यावर टाकून त्यांच्या घरी गेले, तर दाराला कुलूप, आणि खिडकीच्या पडद्यामागून भाऊजींचे पाय दिसताहेत.

दुसऱ्या दिवशी वन्संनी दोन माणसं लावून घड्याळ पाठवलं, उभं, कपाटाएवढं. गल्लीतल्या शिंपीणबाईंनी कपडे बेतायचा बिनडोक्याचा पुतळा आणून दिवाणखान्यात उभा केला. "उसना ठेवा." बीट खाल्लेल्या चुलतभावानं कासव आणलं. त्याला निदान काहीतरी द्यायचंच होतं.

मी भाऊजींना गाठलं. "हे काय चाललंय?"

"वहिनी, दादा काय म्हणाला ते ऐकलंत ना? देणं आहे तोवर मरणार नाही. आणि दादा शब्दाचा पक्का. मग आपण त्याला इतकं देणेकरी करून ठेवायचं, की मरायला सवडच मिळू नये."

"तुम्हांला वेड लागलंय."

"असेल. पण तुम्ही मात्र रक्तपेढीकडं फिरकू नका. शिडीबिडी चिल्लर आहे. त्या दोन पिशव्या हेच त्याचे खरे खुंटे. ते उपटलेत, तर दादा सुटला."

मी हसले. घरी येऊन पुतळ्याशेजारी उभी राहिले आणि हसू गेलं. कारण मला ते पटलं होतं.

ह्यांची तब्येत मात्र सुधारत चालली. रोज शिडी घेऊन भाऊजींच्या बंद दारापर्यंत जायचं आणि यायचं. भूक सुधारली, रंग परतला. तपासणीला गेलो तेव्हा सर्जनबाई खूश झाल्या.

"व्यायाम काय करता?"

"शिडी परत करतो."

त्यांनी ते लिहून घेतलं. हे कपडे घालायला आत गेले, तेव्हा मी हळूच विचारलं, "द्या म्हणून मी सांगितलं. तो पहारा तेव्हा झोपला असेल, आणि काही निसटलं असेल तर?"

त्या पहिल्यांदाच पेन न शोधता बसल्या. "तेव्हा दिलं नसतं, तर पहारा करायला घरच उरलं नसतं."

"आजार परत येईल?"

"माहीत नाही. बघत राहायचं. खोटं सांगून तुम्हांला झोप लावून देणार नाही."

"आणि रक्त मी परत केलं, तर ह्यांना काही..."

"ह्यांना? काही होणार नाही. दुसऱ्या कोणालातरी होईल. बरं वाटेल त्याला."

तरी मन ऐकेना. रक्तपेढीत पुन्हा गेले तेव्हा बाई आनंदानं म्हणाल्या, "तेराच्या वर! झोपा या पलंगावर." मी म्हणाले, "उद्या येते," आणि चपला हातात घेऊनच बाहेर पडले. उद्या गेले नाही. परवाही नाही. कधी घड्याळाला किल्ली द्यायची होती, कधी कासव सापडत नव्हतं.

एका दुपारी, बारा वाजून गेल्यावर, हे फळीवरचा तो डबा घासत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "रक्तपेढीतल्या बाई भेटल्या होत्या. त्यांनाही नमस्कार घातला. तू पलंगापर्यंत जाऊन पळालीस म्हणे."

मी गप्प.

"मौन संपलंय तुझं."

"मला भीती वाटते," मी म्हणाले. "फिटलं की तुम्ही..."

"म्हणजे मला भीती देणेकरी मरण्याची, आणि तुला भीती फिटून मरण्याची." हे डबा पुसत राहिले. "आणि कुठंतरी कोणीतरी फाटक्या शिरेचा आडवा पडलाय, त्याला म्हणावं, थांब, आमचं अजून ठरत नाहीये."

माझी मान खाली गेली. नजर डब्यावर पडली. सासूबाईंचं बोट मला दिसलं, पहिल्या सकाळी उगारलेलं.

"एक विचारू? हा डबा तुमच्या लहानपणीही असायचा?"

"असायचा की. एक दिवस इकडं, एक दिवस तिकडं. त्यांच्याकडून लाडू, आईकडून चिवडा... म्हणजे जे काही घरात असेल ते. सारखा हेलपाटे घालायचा."

"मग फिट्टंफाट कधी झालं?"

ह्यांचा हात थांबला. डबा कलता करून त्यांनी तळाशी आपलंच तोंड पाहिलं.

"नाही झालं," ते म्हणाले. "कधीच नाही झालं."

"रिकामा गेला असता, तर झालं असतं. म्हणून सासूबाई रिकामा पाठवू द्यायच्या नाहीत."

"म्हणजे तू पिशवी परत केलीस तरी..."

"ती रिकामी थोडीच जाणार आहे? कोणाच्यातरी घरात भरलेलीच पोचेल. तिथून पुढं काही ना काही निघेल."

"मग हा काटा कधी थांबायचाच नाही." ते कुरकुरल्यासारखं म्हणाले. आयुष्यभराचा धंदा मी एका वाक्यात मोडीत काढला होता. पण थोड्या वेळानं, डब्याचं झाकण लावता लावता, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "तसा काटा थांबला की माल उतरवूनच ठेवतात."

मग आम्ही दोघांनी मिळून कासवाला पाला घातला.

दुसऱ्या दिवशी मी उठले, प्रार्थनेला बसले, पोटभर जेवले. देवाला म्हटलं, एकच पिशवी आज. दुसरीला त्या बाई चार महिने हात लावू देणार नाहीत. तेवढा खुंटा भाऊजींसाठी राहू दे; आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीही.

हे आरामखुर्चीत झोपले होते. एका बाजूला घड्याळ, दुसऱ्या बाजूला शिंपीणबाईंचा पुतळा, त्याच्या खांद्यावर ह्यांचा सदरा. छाती संथपणे वरखाली होत होती. मी थोडा वेळ नुसती ती बघत राहिले.

दाराजवळ चपलांशेजारी घड्याळजींच्या बायकोचा तो डबा ठेवलेला होता. घासण्यापुरता सोडला, तर फळीवरून तो इतक्या वर्षांत कधी खाली उतरला नव्हता. उचलला, तर चांगला जड लागला. ह्यांनी काय भरलंय ते मी उघडून पाहिलं नाही; रक्तपेढीतल्या चष्मेवाल्या बाईंना द्यायचा, एवढं कळलं. मौन होतं, पण बोटानं दंड दाखवला की त्यांना समजलंच असतं.

कडी वाजू नये म्हणून मी ती दोन बोटांनी धरून उचलली, डबा पदराखाली घेतला, आणि जिना उतरायला लागले.